ब्येश्चादीचं जंगल आणि 'घुसडलेलं राजकारण' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ब्येश्चादीवरच्या माझ्या लेखाला तुमचा आक्षेप थोडक्यात असा : पोलंडच्या आग्नेय टोकाचा ब्येश्चादी जिल्हा 1999 साली झाला, त्याला कसला आलाय इतिहास? अस्वलं, बायसन, डोंगर यांवर लिहायचं सोडून मी विस्थापितांचं राजकारण मध्येच घुसडलं.

जिल्हा नवा आहे, मान्य. 1975 साली मोडीत काढलेले जिल्हे पोलंडने 1999 मध्ये पुन्हा आणले, त्यातला हा. पण तुम्हाला आवडलेल्या जंगलाचा बराच भाग ऐंशी वर्षांपूर्वी जंगल नव्हताच. तिथे शेतं होती, कुरणं होती, बोयकोंची, म्हणजे युक्रेनियनांना जवळच्या डोंगरी लोकांची, गावं होती. आजही ऐन रानात सफरचंदाची झाडं लागतात. ती काय अस्वलांनी लावली?

दुसऱ्या महायुद्धानंतर इथे सान नदी पोलंड आणि सोव्हिएत युनियनमधली सीमा झाली. डावा तीर पोलंडकडे. उजवा, जिल्ह्याच्या आजच्या मुख्य ठिकाणासह, म्हणजे उस्त्शिकी दोल्नेसह, सोव्हिएत युनियनकडे. डाव्या तीरावरची गावं 1947 च्या 'विस्तुला मोहिमे'पर्यंत रिकामी झाली. त्या मोहिमेत पोलिश सरकारने एकूण सुमारे 1,40,000 युक्रेनियन, बोयको आणि लेम्को (बोयकोंचे शेजारी डोंगरी लोक) माणसं उचलून पोलंडच्या उत्तर-पश्चिमेकडच्या, जर्मनांनी सोडलेल्या मुलखात विखरून टाकली. निमित्त यूपीए, म्हणजे 'युक्रेनियन बंडखोर सेने'चं. त्यांनी पोलिश गावकऱ्यांना मारलं होतं हे खरंच, पण शिक्षा सरसकट सगळ्यांना झाली.

उजव्या तीराची पाळी 1951 मध्ये आली. दोन्ही देशांनी 480 चौ.किमी. जमिनीची अदलाबदल केली : सोकालकडचा कोळशाचा पट्टा सोव्हिएतांना, उस्त्शिकी, चार्ना, लुतोविस्का पोलंडला. इथल्या लोकांची रवानगी युक्रेनच्या दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे, सोकालकडचे पोलिश इथे. क्रोश्चेंकोत तर ग्रीक यादवीतले निर्वासित वसवले! लुतोविस्कातल्या ज्यूंना मात्र जर्मनांनी 1942 मध्येच गोळ्या घातल्या होत्या.

म्हणून आजचा स्थानिक माणूस म्हणजे बहुधा कुठून तरी आणून बसवलेल्यांचा नातू. स्मोल्निकचं 1791 सालचं लाकडी चर्च बघा. बांधलं बोयकोंनी, ग्रीक-कॅथलिक (पोपला मानणाऱ्या, पण पूर्वेकडच्या पद्धतीच्या) उपासनेसाठी. 1974 पासून ते रोमन कॅथलिकांकडे, 2013 पासून युनेस्कोच्या यादीत. या चर्चबद्दल लिहिताना बोयकोंना कसं वगळायचं, ते तुम्हीच सांगा.

आणि बायसनांचं म्हणाल, तर तेही 1963 साली बाहेरून आणूनच सोडलेत.