थेट परदेशातून चहा मागवायचा सल्ला देणाऱ्यांना

गेले काही दिवस ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की भारतातला चांगला चहा सगळा बाहेर जातो नि आपल्याला कचरा उरतो, म्हणून चीन-जपानच्या विक्रेत्यांकडून थेट मागवा, दलाल नसल्याने स्वस्त, ताजा नि अस्सल मिळतो, आणि पाच हजारांपर्यंत पार्सलवर गिफ्ट लिहायला सांगितलं की ड्युटी लागत नाही. मी स्वतः बाहेरून चहा मागवते, त्यामुळे मागवूच नका असं म्हणत नाहीये, पण हा मेसेज वाचून लोकांचे पैसे जाणार.

गिफ्टचं आधी. ही सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. विकत घेतलेल्या मालावर गिफ्ट लिहिणं म्हणजे कस्टमला खोटं सांगणं, आणि पार्सल अडकलं की धावपळ तुमची, विक्रेत्याची नाही. चहाच्या व्यापारी आयातीवर मूळ ड्युटीच १०० टक्के आहे, घरगुती पार्सलला दर वेगळा लागतो पण माफी नाही, वर कुरियरवाल्याची फी असतेच. हे सगळं धरून ५० ग्रॅम कितीला पडले ते काढा, मग स्वस्त म्हणा.

दलाल नाही म्हणे. अहो, इंग्रजीत वेबसाइट चालवणारा हा बहुतेक वेळा दुकानदारच असतो, शेतकरी नाही. यात वाईट काही नाही, चांगला दुकानदार चव घेऊन माल निवडतो, पण मग अस्सलपणाची खात्री आपोआप कुठून येणार? चीनच्या युन्नान प्रांतातल्या लाओ बानझांग या एका गावाचा पु-अर, म्हणजे दाबून चकत्या करून मुरवलेला चहा, प्रचंड महाग, आणि त्या गावाचं नाव छापलेल्या ३५७ ग्रॅमच्या चकत्या किरकोळ भावात सर्रास मिळतात. कागदावर नाव कोणीही छापतं.

ताजेपणात मी स्वतः फसलेय. लोंगजिंग हा चीनचा हिरवा चहा मागवला होता, चिंगमिंगच्या म्हणजे ५ एप्रिलच्या आसपासच्या सणाआधी खुडलेला असं लिहिलेलं. पाकीट फोडलं तर चपट्या पानांचा रंग पिवळट-तपकिरी, भाजलेल्या चेस्टनटसारखा वास यायला हवा तर जुन्या गवताचा येत होता. पाकिटावर तारीख होती, पण पॅकिंगची! खुडणीचा महिना-वर्ष कुठेच नाही. हिरवा चहा एका वर्षात उतरतो, त्यामुळे आता मी कुठल्या वर्षीची नि कुठल्या भागातली खुडणी हे लिहून मागते, उत्तर गोलमोल आलं की सोडून देते, आणि आवडलेलं दिसलं तरी आधी २५ ग्रॅमचं सँपलच घेते.

आणि कचरा हा शब्द तर मला अजिबात पटत नाही. डस्ट ही चहाची प्रतवारी आहे, झाडून गोळा केलेली धूळ नव्हे, आणि आलं-गवती चहा घालून दुधात उकळायला तीच बारीक सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून बारीक दाणे केलेली पत्ती लागते, लोंगजिंग उकळून बघा काय होतं ते. भारतात वर्षाला १३० कोटी किलोच्या आसपास चहा होतो, त्यातला जवळपास ८० टक्के इथेच खपतो. दार्जिलिंगचा उत्तम माल बाहेर जातो हे खरं, पण सगळा नाही, मार्च-एप्रिलचा फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षातल्या पहिल्या खुडणीचा चहा, तिथल्या काही बागा स्वतः घरपोच पाठवतात, बागेचं नाव नि खुडणीची तारीख पाकिटावर असते. थेटच घ्यायचाय ना, मग एकदा तिथून १०० ग्रॅम मागवा, त्याला कस्टम आडवं येत नाही.