'जनावराचं औषध जनावरापुरतं' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोजागिरीच्या आठवड्यात आमच्या दूध उत्पादकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांनी तोच भजनी मंडळाच्या ग्रुपवर दिसला आणि शेवटी पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीनं तो मलाच पाठवला. खाली लिहिलं होतं, "बाबा, हे खरं आहे का?" मेसेज थोडक्यात असा:

"शेतकरी बंधूंनो, अँटिबायोटिकच्या नावानं तुम्हाला घाबरवलं जात आहे. १) जनावराला दिलेलं औषध दुधात उतरलं तरी दूध उकळलं की नष्ट होतं. २) जनावरांचे जंतू वेगळे, माणसांचे वेगळे. ३) औषधाची सवय शरीराला लागते, जो गोळ्या खात नाही त्याला काही धोका नाही. ४) लम्पी असो की ताप, पहिल्याच दिवशी जोरदार अँटिबायोटिक दिलं की आजार दबतो. ५) हा बाहेरच्या देशांचा आपला दूधधंदा मोडण्याचा डाव आहे. पुढे पाठवा."

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या गावांमध्ये पशुधन पर्यवेक्षक म्हणून सव्वीस वर्षं काम केलं. गवळाऊ गायींचा हा मुलूख. या मेसेजमधलं एकेक वाक्य मी कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, उभं राहून ऐकलेलं आहे, आणि नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यातली दोन मी स्वतः लोकांना सांगितलेली आहेत. म्हणून हे उत्तर मलाच लिहायचं होतं.

उकळण्यापासून सुरू करतो, कारण घरोघरी हेच ऐकू येतं. "काय होते भाऊ, उकयलं की सारं मरते." मरतात ते जंतू, हे अगदी खरं आहे, आणि त्यासाठी दूध उकळलंच पाहिजे. पण औषध हा जंतू नाही. ते रसायन आहे, त्याला मरण नाही. काही औषधं उकळीनं थोडी कमी होतात, काही जवळपास तशीच राहतात. एन्रोफ्लॉक्सासिन या जनावरांच्या अँटिबायोटिकच्या गटातल्या औषधांचं उकळीनं फारसं काही बिघडत नाही.

हे बघायला प्रयोगशाळेची गरज नाही. दगडी, म्हणजे कास सुजण्याचा आजार, झालेल्या गायीच्या सडात औषधाची ट्यूब सोडल्यावर दुसऱ्या दिवशीचं दूध उकळून, कोमट करून विरजण लावा. पुष्कळदा दही लागतच नाही. सकाळी झाकण काढावं तर दूध तसंच पातळ. घरातली बाई म्हणते, विरजण जुनं झालं असेल, नाही तर थंडी पडली म्हणून. विरजणात काही खोट नसते. दही लावणारे जंतूच दुधातल्या औषधानं मारलेले असतात. उकळी सोसूनही जे औषध दह्याचे जंतू मारतं, ते लेकराच्या पोटात गेल्यावर तिथल्या जंतूंना सोडेल कसं? तिथे ते थोड्या मात्रेत जातं, आणि थोड्या मात्रेतच धोका आहे. पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच सांगून ठेवलं होतं की जंतू मरणार नाहीत इतक्या कमी औषधात त्यांना ठेवलं, तर ते त्या औषधाला दाद देईनासे होतात. ज्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, त्यांना तर अशा दुधाचा त्रास लगेच होऊ शकतो.

म्हणूनच औषधाच्या लेबलवर, औषध थांबवल्यानंतर किती दिवस दूध विकायचं नाही, प्यायचं नाही, हे छापलेलं असतं. २०१२ पासून ते कायद्यानं बंधनकारक आहे. ज्या औषधासाठी हा काळ खास तपासून ठरवलेला नाही, तिथे दुधाला किमान ७ दिवस आणि मांसाला किमान २८ दिवस धरायचे. मेडिकलवरून सुटी बाटली आणली, लेबल फाटलेलं, तर हे कळणार कुठून? म्हणून बाटली लेबलासकट घ्या.

इथे मला शेतकऱ्याची बाजूही मांडायचीच आहे. दिवसाला पाच लिटर देणारी एकच गाय असलेल्या घरात सात दिवस म्हणजे पस्तीस लिटर दूध. त्यावर किराणा चालतो. ते ओतून द्या असं मी एखाद्या माउलीला सांगायचो, तेव्हा तिच्या डोळ्यांकडे बघवत नसे. ते दूध वासराला पाजावं, ही पळवाटही बरोबर नाही, कारण मग दाद न देणारे जंतू वासराच्या आतड्यात वाढतात आणि शेणातून सगळ्या कोठ्यात पसरतात. त्या सात दिवसांचा तोटा भरून देणारी सोय मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिली नाही. ती असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. तोवर आपल्या हातात आहे ते दगडी होऊच न देणं. धार काढण्याआधी कास धुऊन कोरडी पुसा. धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. लगेच गायीपुढे वैरण टाका, म्हणजे ती अर्धा तास तरी उभी राहील. धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं असतं, आणि गाय त्याच वेळी शेणात बसली तर जंतू आत शिरतात. आजारी गायीची धार सगळ्यात शेवटी काढा. या चार गोष्टींना जवळपास पैसा लागत नाही, आणि यांनी ट्यूबा कमी झालेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

आता जंतू वेगळे असण्याबद्दल. हा मुद्दा वाचून मला राग आला, कारण याचं उत्तर मी माझ्या अंगावर भोगलं आहे.

एका पावसाळ्यात एका गाभडलेल्या, म्हणजे गर्भपात झालेल्या, गायीचा जार (वार) अडकला होता. मोजे संपलेले. मी उघड्या हातानं जार काढला, हात धुतले, चहा प्यालो आणि पुढच्या गावाला गेलो. काही आठवड्यांनी संध्याकाळी ताप यायला लागला. रात्री अंग घामानं निथळायचं, सकाळी बरं वाटायचं. कंबर आणि गुडघे असे धरायचे की मोटारसायकलवर टांग टाकवेना. तीन महिने टायफॉइड म्हणून इंजेक्शनं घेतली. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही काम काय करता?" रक्त तपासलं तेव्हा ब्रुसेला निघाला, म्हणजे गायीला गाभडवणारा तोच जंतू. सांसर्गिक गर्भपात म्हणतो आपण त्या आजाराला. सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन घेतलं, तेव्हा उठलो. हा जंतू दुधातूनही येतो. धारोष्ण दूध अमृत मानणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकायला जड जातं, पण कच्चं दूध पिऊ नका, लेकरांना तर मुळीच देऊ नका. यावर कालवडींसाठी लस आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ती एकदाच टोचतात, मोफत. गोऱ्ह्यांना ती देत नाहीत.

गायीच्या टीबीचंही तसंच आहे. तो जंतू माणसाला होऊ शकतो, आणि पायराझिनामाइड या टीबीच्या नेहमीच्या चार औषधांपैकी एकाला तो मुळातच दाद देत नाही. म्हणजे रोग्यानं एकही गोळी चुकवली नाही, तरी एक औषध पहिल्या दिवसापासून वाया जातं.

आणि औषधं तरी कुठे वेगळी आहेत? ऑक्सिटेट्रासायक्लिन, जेंटामायसिन, सेफ्ट्रिॲक्सोन ही नावं माझ्या पेटीत होती आणि दवाखान्यातल्या सिस्टरच्या ट्रेमध्येही होती. एन्रोफ्लॉक्सासिन जनावरांचं म्हणून विकतात, पण जनावराच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, आणि माणसांना देतात ते सिप्रो तर सगळ्यांना माहीत आहे. टोचलेल्या औषधाचा बराच वाटा शेण-मुतातून बाहेर पडतो. ते उकिरड्यावर जातं आणि तिथून वावरात. शेणखत नीट कुजवून टाकलं तर यातला धोका पुष्कळ उतरतो. कच्चं शेण भाजीच्या वाफ्यात टाकू नये.

तिसऱ्या मुद्द्यातला 'सवय' हा शब्द इतका रुळला आहे की काही डॉक्टरही तो वापरतात. सवय शरीराला लागत नाही. बदलतो तो जंतू. कुणी औषध फोडणारा पदार्थ तयार करतो, कुणी आत आलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतो, कुणी औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलतो. ही युक्ती तो स्वतःपुरती ठेवत नाही. शेजारीण वाटीभर विरजण घेऊन जाते, तशी एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला ती देऊन टाकतो. त्यामुळे "मले त कधी गोयी लागली नाही, मले काहून होईन?" असं म्हणणाऱ्या माणसाच्या पोटातही दाद न देणारा जंतू बसलेला असू शकतो.

यावर एक जुनं, साधं संशोधन आहे. अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका शेतावर स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांच्या खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन मिसळलं. आठवडाभरात कोंबड्यांच्या आतड्यातले जवळपास सगळे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या शौचाच्या नमुन्यांतही तसे जंतू भरपूर सापडू लागले, शेजारच्या घरांपेक्षा कितीतरी जास्त. औषध कोंबड्यांनी खाल्लं होतं, माणसांनी नाही. हे १९७६ साली छापून आलं आहे. कोठा आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत असलेल्या आपल्या घरांबद्दल मी वेगळं काय सांगू?

चौथ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. लम्पी आणि लाळ्या-खुरकत हे विषाणूचे आजार आहेत, अँटिबायोटिक विषाणूला काहीच करत नाही. गाठी फुटून जखमा चिघळल्या तर डॉक्टर ते देतात, ते त्या जखमांतल्या जंतूंसाठी. लम्पी माणसाला होतही नाही. उलट गुरांचा घटसर्प हा जंतूंचा आजार, त्यात अँटिबायोटिक तासाभरानंही उशिरा नको. कोणता आजार हे ओळखणं आधी, सुई नंतर.

माणसाच्या तापाचंही तेच. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसनं माणसं दगावली. गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चावण्यातून तो होतो, चावल्या जागी बऱ्याचदा काळी खपली दिसते. त्यावर स्वस्तातलं डॉक्सिसायक्लिन लागू पडतं. पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोनसारखी 'जोरदार' इंजेक्शनं कितीही ठोकली तरी त्या जंतूवर चालत नाहीत. निंदणाला जाणाऱ्या बाईला ताप आला तर आधी काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली ती खपली शोधा आणि डॉक्टरांना सांगा. मेडिकलमधून गोळ्या घेताना पाकिटावर लाल उभी रेघ दिसली, तर त्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत, एवढं घरातल्या शाळकरी पोरालाही शिकवता येतं.

राहिला परदेशी डाव. युरोपीय संघानं जनावरांचं वजन वाढवण्यासाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं १ जानेवारी २००६ पासून बंद केलं, ते स्वतःच्या शेतकऱ्यांसाठी. कोलिस्टिनची गोष्ट तर आपलीच आहे. अतिदक्षता विभागात बाकी काही चालेना तेव्हा डॉक्टर हे औषध काढतात, मूत्रपिंडाला त्रास होतो हे माहीत असूनही. तेच आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात पडत होतं. २०१५ साली चीनमधल्या संशोधकांनी कोलिस्टिनला दाद न देण्याचं, एका जंतूतून दुसऱ्यात जाणारं जनुक डुकरांत, मांसात आणि माणसांत दाखवलं. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. माणसं, जनावरं आणि रान यांचे आजार एकत्र अभ्यासण्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली ती आपल्या नागपुरात. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख माणसं औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट मेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांत भारतातली माणसं फार मोठ्या संख्येनं आहेत.

दूधधंदा मोडेल या भीतीत तथ्य आहे, हे मी मान्य करतो. पण तो मोडेल तो संकलन केंद्रावर दूध नापास झालं म्हणून आणि गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला म्हणून. सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणंही खोटं आहे. माणसांच्या दवाखान्यांतही सर्दीला अँटिबायोटिक लिहिलं जातं, आणि पशुवैद्यकाची खुर्ची रिकामी असलेल्या गावात माणूस मेडिकलवाल्याला विचारणार नाही तर कुणाला?

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. ज्यांनी तो मेसेज पाठवला होता, त्यांचा रात्री फोन आला. मला वाटलं, भांडतील. ते म्हणाले, "भाऊ, माह्या गाईले परवा दगडीची शेवटची ट्यूब सोडली. खोकं आहे माह्यापाशी, वाचून दाखवू का?" त्यांच्या नातवानं अडखळत खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं. त्यावर दुधाचे दिवस छापलेलेच नव्हते. मग आम्ही सात दिवस धरले. बुधवारी संध्याकाळची धार झाली की सात दिवस भरतात, तोवर त्या गायीची बादली वेगळी ठेवायची आणि डेअरीवर फक्त म्हशीचं दूध न्यायचं, असं ठरलं.