अंड्यापेक्षा बेडूकमाशाला धोका जास्त

तणनाशक बेडकाला प्रत्येक अवस्थेत सारखंच घातक असतं, असं एका लेखात वाचलं; ते पटलं नाही. अंड्याभोवतीची जेली बरंच विष अडवते. खरा फटका बसतो तो त्यातून बाहेर पडलेल्या बेडूकमाशाला. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या अनेक मिश्रणांत द्रावण पानावर पसरावं म्हणून पीओईए हा साबणासारखा घटक असतो. ग्लायफोसेटपेक्षा तोच जहाल, कल्ल्यांच्या पेशींची पटलं तोडतो. पुढे पाय फुटतात, शेपूट जिरते ती थायरॉइडच्या संप्रेरकामुळे. परक्लोरेटने (हे तणनाशक नव्हे, फटाके आणि रॉकेटच्या इंधनात वापरला जाणारा क्षार) ते संप्रेरक अडलं की रूपांतर रखडतं आणि डबकं आटलं की जीव संपतो. मोठा बेडूक पोटाच्या कातडीतून पाणी शोषतो, त्यामुळे फवारलेल्या ओल्या बांधावर नुसतं बसणंही बाधू शकतं. पावसाळ्यात डबक्याकाठचं तण विळ्यानेच काढा, फवारणीचा पंप तिथे मुळीच धुऊ नका.