खुलासा : प्रमुख याजकाच्या पायाला दोर नव्हता

प्राचीन इस्राएलाचा प्रमुख याजक परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सर्वांत आतल्या खोलीत, जाताना त्याच्या पायाला दोर बांधत आणि त्याच्या झग्याच्या घुंगरांचा आवाज थांबला की तो मेला असे समजून प्रेत ओढून काढत, असा संदेश फिरतो आहे. प्रवचनांतूनही तो ऐकू येतो. बायबलमध्ये या दोराचा कुठेही उल्लेख नाही. मिश्ना आणि तालमूद या यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथांतही नाही. पायाच्या दोराची गोष्ट जोहार या यहुदी गूढवादी ग्रंथात सापडते, आणि तो पुढे आला 13व्या शतकात, स्पेनमध्ये. यरुशलेमचे मंदिर इ.स. 70 मध्येच जमीनदोस्त झाले होते!

घुंगरे मात्र खरी आहेत. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात याजकाच्या निळ्या झग्याच्या घेरावर सोन्याचे घुंगरू आणि डाळिंब आलटून पालटून लावायला सांगितले आहे. पण तो झगा रोजच्या सेवेचा, म्हणजे दीपवृक्ष, समर्पित भाकरीचे मेज आणि धूपवेदी असलेल्या बाहेरच्या दालनातला. अंतरपटामागच्या परमपवित्रस्थानात प्रमुख याजक वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी जाई. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या 16व्या अध्यायानुसार तेव्हा त्याच्या अंगावर साधी तागाची वस्त्रे असत. मग घुंगरे वाजणार कुठून?

आत याजकाला मरण येईल ही भीती होती, हे खरेच. म्हणून तर आधी धूप जाळून त्याच्या धुराने दयासन, म्हणजे आतल्या पवित्र कोशाचे झाकण, झाकायचे असे. मिश्ना सांगते की बाहेर आल्यावर याजक प्रार्थना आटोपती घेई, लोकांचा जीव टांगणीला लागू नये म्हणून. हा तपशील लोकांना सांगा, दोराची गोष्ट पुढे पाठवू नका.