त्या एका श्वासासाठी

मंगळवारी गाडीत मी एकटीच होते आणि हात आपोआप मुलाच्या आवडत्या गाण्याकडे गेला. तो शेजारी नव्हता, कुणी 'लाव' म्हणालं नव्हतं. दीड महिन्यापूर्वी हेच गाणं मला सहन होत नव्हतं.

त्याला सोडायला रोज वीस मिनिटं लागतात आणि त्या वीस मिनिटांत काय वाजणार ते तो ठरवतो. पहिला आठवडाभर मला नुसती धडधड ऐकू आली. शब्द कळेनात, चाल म्हणावी असं काही हाती लागेना. "अरे, यात गाणं कुठंय?" असं मी विचारलंही. तो काही बोलला नाही, खिडकीबाहेर बघत बसला. त्याचं ते गप्प बसणं मला नंतर फार लागलं. मग तिसऱ्या आठवड्यात कधीतरी लक्षात आलं, की ध्रुवपदाच्या आधी सगळी वाद्यं क्षणभर थांबतात आणि त्या रिकाम्या जागेत गायिकेने आत घेतलेला श्वास ऐकू येतो. एवढंच. पण आता ती जागा जवळ आली की मी बोलता बोलता थांबते.

हे थांबणं महत्त्वाचं आहे. मॉन्ट्रियलच्या संशोधकांचा २०११ सालचा एक अभ्यास आहे. ज्या संगीताने अंगावर काटा येतो असं लोक सांगत होते तेच त्यांना ऐकवलं आणि त्या वेळी मेंदूत काय होतं ते पाहिलं. ती खास जागा आली तेव्हा डोपामिन, म्हणजे सुखाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, स्रवलं, ते तर झालंच. पण ती येण्याच्या आधी, येणार येणार म्हणतानाच, मेंदूच्या वेगळ्या भागात ते स्रवायला लागलं होतं. गाण्यातल्या सुखाचा मोठा वाटा असा वाट पाहण्यात असतो. आणि पुढे काय येणार हेच ठाऊक नसेल तर माणूस वाट कशाची पाहणार?

म्हणून 'वय झालं की आवड गोठते' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. आपण नव्या गाण्याला दुसऱ्यांदा, दहाव्यांदा ऐकणंच सोडून देतो आणि दोष मात्र गाण्याला नाहीतर वयाला देतो. एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती जवळची वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच दाखवून दिलं होतं. माझ्या लहानपणी हे आपोआप व्हायचं. घरात मोजक्या कॅसेटी. एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं मला अजिबात आवडायचं नाही, पण पुढे ढकलायला गेलं की चौथ्याची सुरुवात हुकायची, म्हणून ते ऐकावंच लागायचं. वर्षभर ऐकलं. आज त्या कॅसेटमधलं तेवढं एकच गाणं मला अथपासून इतिपर्यंत पाठ आहे. आता पंधरा सेकंदांत मनात भरलं नाही की बोट पुढे सरकवतं, माझंही.

अर्थात वयाचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला आयुष्यभर जास्त लख्ख आठवतात आणि त्या काळातली गाणी त्यांना चिकटून येतात. १९८९ मध्ये होलब्रुक आणि शिंडलर या अमेरिकन अभ्यासकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली. आपण चोविशीच्या आसपास असताना गाजलेली गाणी लोकांना सर्वांत जास्त आवडतात, असं त्यांना आढळलं. मला ते पटतं. त्या वयात गाणं नुसतं ऐकायचं नसतं, आपण कोण आणि आपली माणसं कोण हे त्यातून ठरत असतं. एकाच गाण्यावर जीव टाकणाऱ्या दोन मुली तेवढ्यावर मैत्रिणी होतात. चाळिशीत ही गरज उरत नाही आणि ती उरत नाही याचं मला मुळीच दुःख नाही.

कानही बदलतात. वरच्या पट्टीतले बारीक आवाज वयानुसार कमी ऐकू येऊ लागतात आणि गोंगाटातून शब्द वेगळे काढणं जड जातं. 'शब्दच कळत नाहीत' ही तक्रार कधी कधी खरोखर कानाची असते. ती गाणाऱ्याच्या माथी मारू नये.

पण आवड स्थिरावण्याबरोबर दुसरंही काही घडतं, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. विशीत मला शब्द नसलेलं संथ वादन दहा मिनिटंही ऐकवत नसे. आता चाळीस मिनिटं कशी जातात कळत नाही. साधी सोपी चाल पटकन आवडते आणि तितक्याच पटकन तिचा कंटाळा येतो. ज्यात उलगडायला बरंच असतं ते आधी डोक्यावरून जातं, पण मग वर्षानुवर्षं पुरतं. शिवाय ते वादन आई इस्त्री करताना लावायची. मी ऐकत नव्हते, पण ते कानावर पडत होतं. आपल्या जन्माआधीची, आईवडिलांच्या तरुणपणची गाणीही विशीतल्या मुलांच्या मनात घर करून असतात, असं २०१३ सालच्या एका अभ्यासात दिसलं. वाचलं तेव्हा मला ती इस्त्रीची वाफच आठवली.

'हल्ली चांगली गाणी होतच नाहीत' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की आपल्या काळातली वाईट गाणी गेली कुठे? ढिगाने होती. ती आपण विसरलो. गाळून उरलेल्या दहांची तुलना आपण आज सकाळी निघालेल्या सगळ्यांशी करतो. माझ्या मुलाने गप्प बसण्याऐवजी हे उत्तर मला द्यायला हवं होतं.

संध्याकाळी मी त्याला त्या श्वासाबद्दल सांगितलं. "तुला तो ऐकू आला?" असं म्हणून तो इतका खुलला, की लगेच दुसरं गाणं काढून माझ्या हातात हेडफोन दिला. तेव्हापासून ते पाच वेळा ऐकलंय. अजून आवडलेलं नाही. मध्येच एक तार छेडल्यासारखा आवाज येतो, तो कुठून येतो ते मात्र शोधते आहे.