सहहिस्सेदार

घरात दुसरा कुत्रा आणावा ही सूचना प्रथम कोणी केली, हे आज कोणीही सांगायला तयार नाही. पण लवंग्या एकटा आहे म्हणून असा वागतो, या निदानावर घरच्यांचे, शेजाऱ्यांचे आणि तालुक्याच्या पशुवैद्यांचे एकमत झाले होते, हे मला पक्के आठवते. लवंग्या हा जॅक रसेल टेरियर. उंची फूटभर, वजन सहा किलो, अंग पांढरे, कानांवर तांबूस डाग आणि भुंकणे नावाला जागणारे. माझ्या पुतण्याने तो मुंबईत हौसेने घेतला, सोसायटीतल्या लोकांनी आवाजाबद्दल लेखी तक्रार केली, आणि गणपतीला गावी येताना त्याने जो बरोबर आणला तो जाताना 'इथे त्याला मोकळे वाटते' एवढे सांगून मागे ठेवला. मोकळे वाटते हे खरेच आहे. गुहागरजवळच्या आमच्या आगरात माडाचे एकही आळे असे उरलेले नाही, ज्यात त्याने डोके खुपसून मागे मातीचा फवारा उडवलेला नाही.

या जातीची कुळकथा वाचल्यावर माझा राग काहीसा निवळला. इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात जॉन रसेल नावाचे एक पाद्री होते आणि त्यांना शिकारीचे अतोनात वेड होते. ऑक्सफर्डला शिकत असताना, 1819 च्या सुमारास, त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून हा वंश वाढला, असे सांगतात. या कुत्र्याने घोड्यांबरोबर पळायचे, कोल्हा बिळात शिरला की मागोमाग आत जायचे, त्याला मारायचे नाही, फक्त तोंडासमोर उभे राहून इतके भुंकायचे की कोल्ह्याने कंटाळून बाहेर पडावे आणि वर फावडी घेऊन उभ्या असलेल्या मंडळींना कुठे खणायचे ते कळावे. बिळात मावावा म्हणून त्याची छातीसुद्धा माणसाच्या दोन पंजांत धरता येईल एवढीच ठेवलेली. म्हणजे खणणे आणि भुंकणे या लवंग्याच्या खोडी नव्हेत, ती त्याची वंशपरंपरागत नोकरी आहे. आमच्याकडे कोल्ह्याच्या जागी घूस आहे आणि फावडे घेऊन मागून धावायला मी आहे, इतकाच फरक. पुढे जात निवडण्याचा जो उद्योग चालला, त्यात हीच गोष्ट मला पावलोपावली आडवी आली. प्रत्येक जात कुठल्यातरी परक्या मुलखात, परक्या हवेत, कोणाच्यातरी कामासाठी घडवलेली असते, आणि ते काम मागे पडले म्हणून कुत्रा काही राजीनामा देत नाही.

पुण्याला असलेल्या चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी फोनवर सायबेरियन हस्कीचे छायाचित्र पाठवले. निळे डोळे, दुहेरी केसांचा भरघोस झगा, चेहऱ्यावर खानदानी करारीपणा. अलास्कातल्या नोम गावात 1925 साली घटसर्पाची साथ आली तेव्हा याच कुत्र्यांच्या गाड्यांनी बर्फातून औषध पोहोचवले, हा इतिहासही त्याने जोडला होता. मी त्याला एवढेच विचारले की, वैशाखात दुपारी वीज गेलेली असताना, पडवीतल्या कोब्यावर लोळूनही माणसाचा घाम वाळत नाही अशा हवेत, या वीराला आपण कोणते औषध घेऊन कुठे पाठवणार आहोत. त्यावर त्याने पगचे छायाचित्र पाठवले. पगला श्वास घ्यायला नाकच पुरेसे दिलेले नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

शेजारच्या भाऊंचा कल जर्मन शेफर्डकडे होता, कारण त्यांच्या मते कुत्रा म्हणजे राखण आणि राखण म्हणजे दहशत. मेंढ्यांच्या कळपाभोवती दिवसभर फिरत राहून एकही मेंढी वाट सोडणार नाही हे पाहणे, हे या जातीचे मूळ काम. आमच्याकडे मेंढ्या नाहीत. ज्याला वळवून वळवून एका जागी आणता येईल असा प्राणी एकच, तो म्हणजे लवंग्या, आणि तो वळण्यातला नाही. शिवाय या जातीत कमरेच्या सांध्याचे दुखणे पिढीजात आढळते, आणि आमच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर आषाढात शेवाळ धरले की धडधाकट कमरेची माणसेसुद्धा बसून उतरतात. डॅक्सहुंडाचे नाव निघाले ते आईनेच निकालात काढले. तो जर्मनीत बिज्जूच्या बिळात शिरण्यासाठी निपजवलेला कुत्रा आहे हे मी वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "अरे, एकाने आगर खणलेच आहे. दुसरा तसाच आणायचा असेल तर त्या दोघांना मिळून विहीर खणायला लाव, म्हणजे निदान मे महिन्यात पाणी तरी मिळेल." आईची कुत्र्याकडून अपेक्षा एकच होती आणि ती तिने प्रत्येक जातीला लावून पाहिली: तो माकडे हाकलतो का? शहाळी खाली टाकणारी लालतोंडी माकडे लवंग्याला माडाखाली नाचवतात आणि वरून त्याची गंमत पाहतात, हे तिला फार लागले आहे.

बीगल मला स्वतःला आवडला होता. आकार बेताचा, स्वभाव मनमिळाऊ, चारचौघांत राहण्याची सवय, कारण तो मुळात ससे हुडकणाऱ्या टोळीतला कुत्रा. पण तो नाकाच्या मागे जातो आणि नाक ज्या दिशेला जाईल तिकडे मालकाची हाक पोहोचत नाही. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर वाऱ्याच्या तोंडाशी बोंबील आणि कोलीम वाळत घातलेले असतात. पहिल्याच सकाळी बीगल कुठे सापडेल आणि भरपाई किती द्यावी लागेल, याचा हिशेब करून मी गप्प बसलो.

या टप्प्यावर मी पशुवैद्यांकडे गेलो. ते मुख्यतः गुरांचे डॉक्टर असल्यामुळे एका गाईच्या पोटापर्यंत हात घालून उभे होते, आणि तशाच अवस्थेत त्यांनी मला जे सांगितले ते जातींच्या सगळ्या वर्णनांपेक्षा उपयोगाचे ठरले. टेरियर घरात असेल तर दुसरा टेरियर नको. आणायचाच असेल तर कुत्र्याला कुत्री आणावी, नर दोन नकोत. पिल्लू आणले तर लवंग्या त्याला आपल्या सगळ्या विद्या शिकवील, त्यापेक्षा थोराड, शांत, नसबंदी झालेली मादी बरी. अंगाने मोठी चालेल, पण खेळताना पंजा जपून टाकणारी हवी, नाहीतर सहा किलोच्या बरगड्या मोडायला वेळ लागत नाही. खाण्याची भांडी वेगळी ठेवावी, हाडूक आणि चेंडू मध्ये राहू देऊ नयेत. "आणि एक लक्षात ठेवा," हात बाहेर काढून ते म्हणाले, "पहिली भेट तुमच्या आवारात नको. जी जागा त्याची नाही अशा ठिकाणी दोघांना भेटवा, शेजारी शेजारी चालवा, आणि मग एकदमच घरी आणा."

या सल्ल्याचे मर्म आमच्या मुलखात समजावून सांगावे लागत नाही. कोकणात जमीन गुंठ्यांत आणि सातबाऱ्यावरची नावे डझनांत असतात. एका फणसाला सहा सहहिस्सेदार आणि प्रत्येकाचा त्या फणसावर पूर्ण हक्क. लवंग्या हा या मातीत इतका रुळला आहे की, गडग्याच्या प्रत्येक चिऱ्यावर, बेड्याच्या म्हणजे आवाराच्या फाटकाच्या खांबावर, गोठ्याच्या कोपऱ्यावर आणि माझ्या स्कूटरच्या दोन्ही चाकांवर तो दररोज सकाळी नव्याने आपले नाव लावतो. सगळी मिळकत त्याच्या एकट्याची आहे आणि आम्ही तिथे कुळे म्हणून राहतो, अशी त्याची समजूत आहे. अशा खातेदारासमोर एकाएकी दुसरा वारस उभा केला तर काय होईल, हे ज्याने भाऊबंदकीचा एक तरी दावा पाहिला आहे त्याला विचारावे.

देशी जातींचा विचार झाला नाही असे नव्हे. मुधोळच्या कारवानी कुत्र्याचा अभिमान मलाही आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, आणि टपाल खात्याने 2005 साली देशी कुत्र्यांची तिकिटे काढली तेव्हा त्यांत तिला मानाने जागा दिली. पाय लांब, पोट पाठीला लागलेले, नजर क्षितिजावर. पण ही नजरेने शिकार करणारी जात आहे. देशावरच्या माळरानात दूरवर काही छोटेसे, पांढरेसे, भरभर पळताना दिसले की तिने विचार न करता त्याच्या मागे सुटायचे असते. लवंग्या छोटासा आहे, पांढरा आहे आणि सतत भरभर पळत असतो. लहानपणापासून एकत्र वाढवली तर ही कुत्री घरच्या प्राण्यांना ओळखतात, हे मला ठाऊक आहे. परंतु दोन माडांमधले अंतर जिथे पंधरा-वीस हातांचे, तिथे पूर्ण वेगात निघालेला कारवानी अखेर कोणाची शिकार करील, माडाची की स्वतःची, हा प्रश्न उरतोच.

शेवटी सौभाग्यवतींनी सुरुवातीपासून जे नाव लावून धरले होते तेच राहिले: लॅब्रडॉर. मी शक्य तेवढा विरोध केला. ही जात तीस किलोंच्या घरातली, केस बारा महिने झडणारे, आणि भूक तर शास्त्राने सिद्ध झालेली. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले आहे की, सुमारे पाव लॅब्रडॉरांच्या एका जनुकाचा तुकडाच गहाळ असतो, त्यामुळे पोट भरले हा निरोप त्यांच्या मेंदूला नीट पोहोचत नाही. ज्या घराच्या माजघरात चैत्र-वैशाखात पेंढ्यावर हापूसची अढी लावलेली असते, त्या घरात हा निरोप न पोहोचणारा प्राणी आणणे कितपत शहाणपणाचे आहे, असे मी विचारले. आंबा पचेल, पण गिळलेली कोय आतड्यात अडकली तर तेच गुरांचे डॉक्टर पोट कापायला येतील, हेही सांगितले. तिने शांतपणे उत्तर दिले, "अहो, अढीच्या खोलीला कडी आहे." आणि मग तिने माझेच शस्त्र माझ्यावर चालवले. लॅब्रडॉरचे मूळ काम काय? न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्यांबरोबर राहायचे, जाळ्यातून निसटलेली मासळी आणि पाण्यात पडलेले दोर तोंडात धरून आणून द्यायचे, आणि धरताना दात लावायचे नाहीत. अंगावरचे आखूड, तेलकट केस पाण्याला दाद देत नाहीत. "समुद्रकाठ आहे, होड्या आहेत, चार महिने पाऊस आहे," ती म्हणाली, "हाच एक कुत्रा असा आहे की ज्याला इथे त्याचे जुने काम मिळेल." गारठ्याचा मुद्दा मी काढणार होतो, पण हस्कीनंतर तो काढण्यात अर्थ नव्हता.

योगायोगाने चिपळूणच्या एका ओळखीच्या कुटुंबाला पुण्याच्या फ्लॅटमध्ये जायचे होते आणि त्यांची चार वर्षांची, नसबंदी झालेली, पिवळसर सोनेरी रंगाची लॅब्रडॉर कुत्री कोणाच्यातरी हाती सोपवायची होती. तिचे नाव राणी. राहिला प्रश्न भेटीच्या जागेचा, आणि इथे सगळे अडले. लवंग्याची नसलेली जागा आमच्या गावात कुठे आहे? देवळाच्या दीपमाळेपासून एसटीच्या थांब्यापर्यंत त्याने काहीही सोडलेले नाही. त्यावर आईने तोड काढली. भरती जिथवर चढते तिथवरची वाळू कोणाच्याच नावावर राहत नाही, कारण दिवसातून दोनदा समुद्र येऊन सगळ्या नोंदी पुसून जातो. तेव्हा भेट ओहोटीला, ओल्या वाळूवर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोळ्यांचा हिशेब तिला तोंडपाठ आहे: तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या आसपास, चिपळूणहून निघालेल्या माणसांना सोयीची. तृतीया जवळची होती ती नेमकी अक्षय्य तृतीया निघाली. आई म्हणाली, "त्या दिवशी घरात आलेली वस्तू घरातून जात नाही. तेवढे लक्षात घेऊनच आणा."

वाळूवर पहिली काही मिनिटे कोणी कोणाकडे पाहिले नाही. लवंग्याने राणीला लांबून एक वळसा घातला, दोनदा भुंकून तिची लांबी-रुंदी नोंदवली, आणि समोर खेकड्याचे बीळ दिसताच तो आपल्या कामाला लागला. पुढचे पाय यंत्रवत चालत होते, वाळू मागे उडत होती, शेपटी ताठ होती, आणि बिळाच्या तोंडाशी तो कोल्ह्याला ऐकवण्याचे सगळे ऐकवत होता. खड्डा हातभर खोल झाला, त्यात खालून पाणी पाझरू लागले, खेकडा अर्थातच दुसऱ्या दाराने निघून गेला होता. लवंग्या दुसऱ्या बिळाकडे वळला तशी राणी उठली, सावकाश चालत त्या गार, ओल्या खड्ड्यात जाऊन बसली, आणि तिने सुस्कारा टाकला. त्याने दुसरा खड्डा खणला. ती त्यात जाऊन बसली. चिपळूणचे गृहस्थ डोळे पुसत होते, त्यामुळे मला हसता येईना.

खरी परीक्षा परतताना होती. भरतीच्या रेषेवर कचऱ्याची आणि सुकलेल्या शेवाळाची लांबच लांब ओळ पडलेली असते. तिच्या अलीकडे लवंग्याचे राज्य सुरू होते. तो तिथे पोहोचला, थांबला, मागे वळून पाय रोवून उभा राहिला आणि मानेवरचे केस उभे करून गुरगुरू लागला. राणीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या ओळीत लाटांनी आणून टाकलेले नारळाचे एक भलेमोठे सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, पडले होते. ते तिने अलगद तोंडात धरले आणि ती सरळ पुढे चालू लागली. लवंग्याच्या तोंडचे गुरगुरणे अर्धेच राहिले. आपल्या हद्दीतली वस्तू कोणी घेऊन जात आहे हे कळताच तो उड्या मारीत, सोडणाच्या लोंबत्या काथ्याला लटकत, तिच्या हनुवटीखालून धावत निघाला, आणि तशा झटापटीत पाखाडी, बेडे, खळे आणि पडवीची पायरी या साऱ्या सीमा दोघांनी मिळून केव्हा ओलांडल्या, याकडे त्याचे लक्षही गेले नाही.

आई मागीलदारी न्हाणीच्या चुलीपाशी पाणी तापवीत बसली होती. राणी थेट तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आईने तिला आपादमस्तक न्याहाळले, तिच्या तोंडातले सोडण काढून घेतले, ओले आहे म्हणून चुलीच्या कडेला वाळत ठेवले, आणि लवंग्याकडे एक तुच्छ कटाक्ष टाकून राणीला म्हणाली, "जा, आणखी आण."