पैसे लेखकाचे, नाव प्रकाशकाचं

स्वप्रकाशनामुळे मराठी प्रकाशन व्यवसाय बुडतोय, असा सूर हल्ली पुस्तकांवरच्या प्रत्येक परिसंवादात लागतो. लावणारे बहुतेक प्रकाशकच असतात. मी पुण्यात मुद्रितशोधनाचं काम करते. नावाजलेल्या प्रकाशनांची प्रुफं माझ्याकडे येतात, तशीच स्वतःच्या खिशातून पुस्तक काढणाऱ्यांचीही येतात. दोन्हीकडचे गठ्ठे एकाच टेबलावर पडत असल्यामुळे मला या रडगाण्याचं फारसं वाईट वाटत नाही. पोस्ट लांबली आहे, आधीच सांगते.

मुळात लेखकाच्या पैशातून पुस्तक निघणं ही मराठीत कधीच बातमी नव्हती. "तीनशे प्रती तुम्ही घ्या, मग बघू" हे वाक्य न ऐकलेला कवी मला तरी भेटलेला नाही. कवी पीएफमधले पैसे काढतो, प्रकाशक आपलं बोधचिन्ह देतो, प्रकाशन समारंभात दोघं एकमेकांचे आभार मानतात. करारात दहा टक्के रॉयल्टी असते, पण आवृत्ती नक्की किती प्रतींची होती हे लेखकाला कळायला मार्ग नसतो. मार्चअखेरीचा हिशेब मागितला की "अजून प्रती शिल्लक आहेत" हे ठरलेलं उत्तर. स्वतःची गुंतवणूक करून, जोखीम घेऊन पुस्तकं काढणारे प्रकाशक आहेत, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण ज्यांनी वर्षानुवर्षं फक्त नाव भाड्याने दिलं, त्यांना आता लेखक म्हणतोय, "तीनशे प्रती मीच घेणार असेन तर तुमचं नाव कशाला?" यात अन्याय कुठला?

आणि स्वप्रकाशन म्हणजे हौशी, दुय्यम, कुणी छापलं नाही म्हणून केलेली सोय, हा समजही आपल्याकडे तरी शोभत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मराठीतल्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'साठी नागपुरात चक्क लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले आणि २३ खंड पुरे केले. पुढे 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने त्या सगळ्या खटाटोपाचा इतिहासही लिहून ठेवला. आजचे तरुण ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात ते शंभर वर्षांपूर्वी या माणसाने पायी आणि रेल्वेने केलं. १९७६मध्ये मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गिव्ह पटेल या चार कवींनी क्लिअरिंग हाऊस काढलं ते इंग्रजी कवितेसाठी, पण हेतू हाच: आपली पुस्तकं आपणच काढायची. त्यातून आलेल्या कोलटकरांच्या 'जेजुरी' या कवितासंग्रहाला दुसऱ्याच वर्षी कॉमनवेल्थ पुरस्कार मिळाला. आपली प्रकाशनपूर्व सवलत तरी दुसरं काय होती? आधी पैसे, मग पुस्तक. तेव्हा मनीऑर्डर यायची, आता गूगल फॉर्म आणि जीपेचा स्क्रीनशॉट येतो, एवढाच फरक.

बदललं ते छपाईचं गणित. जुन्या ऑफसेट छपाईला हजार प्रती काढल्याशिवाय परवडत नसे आणि त्या ठेवायला गोडाऊन लागे. आता डिजिटल प्रिंटिंगवर पन्नास प्रतीही निघतात. दर प्रतीमागे खर्च जास्त येतो, पण पलंगाखाली खोकी साठत नाहीत. किंडलवर २०१६च्या अखेरीस मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली. तिथे रॉयल्टी ३५ नाहीतर ७० टक्के, म्हणजे आपल्या दहा टक्क्यांपुढे डोळे दिपवणारी. मात्र भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही, ही अट बरेच जण वाचतच नाहीत.

मोठ्या घरांचं काय झालं, तेही बघा. ॲमेझॉनने वेस्टलँड ही इंग्रजी पुस्तकांची प्रकाशनसंस्था विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२२मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. हे तेच वेस्टलँड, ज्याने अमीश त्रिपाठींचं आधी स्वतः काढलेलं पुस्तक नंतर उचलून देशभर नेलं होतं. बंद पडलेल्या त्या चमूला दोन-तीन महिन्यांत हात दिला तो प्रतिलिपी या ऑनलाइन मंचाने, जिथे कुणीही उठून कथा टाकू शकतं आणि मराठीतही हजारो लोक टाकतात. कोण कुणाला खातंय, हे इतकं सरळ नाही.

आता दुसरी बाजू, कारण लेखकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली असेल.

प्रकाशकाला टाळून लेखक जातो कुठे? पॅकेजवाल्याकडे, म्हणजे ठरलेले पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्याकडे. पॅकेजं तीन: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी वडिलांच्या पंढरीच्या वाऱ्यांवर पुस्तक लिहिलं. मजकूर इतका चांगला की मी प्रुफं तपासायची सोडून वाचतच बसले असते. पण माझ्याकडे आलं ते छापून झालेलं पुस्तक, "दुसऱ्या आवृत्तीसाठी बघा" म्हणून. पॅकेज सत्तर हजारांचं. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलला आणि कुणी नजरही फिरवली नाही. पुस्तकभर वाऱ्यांच्या 'वार्या' झालेल्या, ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेल्या, पान एक डाव्या हाताला (ते उजव्या हाताला हवं). बिलात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावले होते. लेखकहो, आयएसबीएन आपल्या देशात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, बास. १९५४च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, याचा त्या पॅकेजमध्ये उल्लेखही नव्हता. मास्तरांनी तक्रार केली तर म्हणे, "एडिटिंग प्लॅटिनममध्ये येतं, तुमचं गोल्ड आहे."

माझं खरं दुखणं इथे आहे. संपादक ही गोष्ट पॅकेजमधली वरची पायरी झाली. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पुन्हा लिहायला लावत, सहा-सहा महिने हस्तलिखितावर पत्रव्यवहार चाले. त्या चाळणीवर चिडलेलेही होते. १९६९मध्ये राजा ढाले आणि मंडळींनी सत्यकथेची होळी केली ती उगाच नाही. चाळणीत अडकून राहिलेलं बरंच काही अनियतकालिकांमधून, म्हणजे लेखकांनी स्वतःच जमेल तेव्हा काढलेल्या छोट्या अंकांमधून, आलं आणि मराठी श्रीमंत झाली. पण भांडायला तरी समोर कुणीतरी वाचणारं होतं.

आणि ही चाळणी स्वप्रकाशनाने मोडली, असं प्रकाशकांनी म्हणू नये. ती त्यांनीच आधी अडगळीत टाकली. आज कितीतरी प्रकाशनांकडून येणारं पहिलं प्रूफ म्हणजे लेखकाची वर्ड फाइल जशीच्या तशी ओतलेली असते. अनुवादात मूळ इंग्रजी वाक्याचा सांगाडा वर आलेला दिसतो, विचारलं तर "ताई, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा, पुस्तक वीस तारखेला हवंय." नव्या लेखिकेला आताशा हस्तलिखिताआधी विचारलं जातं, "फेसबुकवर फॉलोअर किती?" विक्री तिनेच करायची, पोस्ट तिनेच टाकायच्या, प्रती तिनेच घ्यायच्या. मग प्रकाशकाने काय करायचं?

एक काम मात्र अजून प्रकाशकांच्याच हातात आहे: ग्रंथालयं. १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयं महाराष्ट्रात अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. अनुदान आलं की एकाच वितरकाकडून, घसघशीत सवलत घेऊन, यादीवर खुणा करून खरेदी उरकली जाते. एकट्या लेखकाचं एकच पुस्तक त्या यादीत शिरतच नाही. तो बिचारा पोस्टाच्या रांगेत. डिसेंबर २०२४मध्ये पुस्तकं पाठवायची टपाल खात्याची रजिस्टर्ड बुकपोस्ट सेवाही बंद झाली. मे २०२५पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही टपालसेवा आली आहे, तेव्हा पुस्तक कुरिअरने पाठवण्याआधी तिथला दर विचारून घ्या.

"मग मी कुणाकडे जाऊ?" हे इनबॉक्समध्ये येणारच, म्हणून इथेच सांगते. प्रकाशक पैसे मागत नसेल आणि हस्तलिखितावर दोन तरी खडूस प्रश्न विचारत असेल, तर वर्षभर थांबावं लागलं तरी थांबा. पैसे मागत असेल तर तेवढ्यात स्वतःच काढा. पैसे आधी संपादकाला द्या, मग मुखपृष्ठाला. पहिल्या शंभरच प्रती काढा. डीटीपीवाल्याकडून (पानं जुळवणाऱ्याकडून) नुसत्या पीडीएफवर समाधान मानू नका, पुढे दुरुस्त्या करता येतील अशी ओपन फाइल ताब्यात घ्या. मास्तरांना ती मिळालीच नाही, सगळं पुस्तक पुन्हा टाइप करायला घेतलंय.

प्रकाशक मित्रांनी खाली येऊन खुशाल भांडावं. ज्यांच्याकडे माझी बिलं थकली आहेत त्यांनी आधी ती भागवावीत, मग भांडू.